चेटकिणीला घाबरण्याचा हक्क

दर वर्षी एप्रिल संपत आला की आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा मुलांना सुट्टीत एखादे नाटक दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे येते. तिकिटे काढणे, रिक्षांची जुळवाजुळव करणे, मध्यंतरात कोणी किती वडे खाल्ले याचा हिशेब ठेवणे, यांतल्या कशाचाही मला कंटाळा येत नाही. मला अडचणीत टाकतो तो आदल्या रात्री हमखास येणारा एक प्रश्न. "नाटकात घाबरण्यासारखं काही नाही ना?" असे कोणाची तरी आई किंवा कोणाचे तरी बाबा विचारतात, आणि बरीच वर्षे मी "छे हो, सगळी गंमत आहे" असे सांगून वेळ मारून नेत आलो. ते खोटे होते, कारण राक्षस किंवा चेटकीण यांच्यावाचून मराठी बालनाट्याचे पान सहसा हलत नाही. अलीकडे मी खरे उत्तर देतो. घाबरण्यासारखे आहे, आणि मी मुलांना मुख्यतः त्यासाठीच नेतो आहे, असे सांगतो. हे उत्तर दिल्यावर गेल्या वर्षी यादीतली दोन मुले गळाली.

उत्तर बदलायला माझी भाची कारण झाली. ती साडेपाच वर्षांची असताना मी तिला रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' दाखवायला नेले. तिसरी घंटा होईपर्यंत ती खुर्चीवर गुडघे टेकून मागच्या रांगेतल्या मुलांशी गप्पा मारत होती. चेटकिणीचा प्रवेश झाला तेव्हा ती आधी ताठ झाली, मग काहीही न बोलता स्वतःच्या खुर्चीवरून माझ्या मांडीवर आली, माझा उजवा हात उचलून तिने आपल्या डोळ्यांवर ठेवला, आणि तो नीट बसल्याची खात्री झाल्यावर माझी मधली दोन बोटे हळूच फाकवून पाहण्यापुरती फट करून घेतली. पुढचा सगळा अंक तिने त्या फटीतून पाहिला. चेटकीण रंगमंचाच्या कडेपर्यंत आली की ती माझी बोटे मिटवी, आत वळली की पुन्हा उघडी. मध्यंतरात मी विचारले, "घरी जायचं का?" तिने माझी कीव केल्यासारखे माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मग तिचं पुढे काय झालं ते मला कसं कळणार, मामा?"

त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री ती एकटी बाथरूममध्ये गेली नाही. बहिणीने फोन करून मला चांगलेच सुनावले. "दादा, तुला काही कळतं का? पाच वर्षांची आहे ती!" मी निमूटपणे ऐकून घेतले. चौथ्या दिवशी तिचाच पुन्हा फोन आला. भाचीला तेच नाटक परत पाहायचे होते, आणि या खेपेला बाबांनाही न्यायचे होते, कारण बाबा घाबरतात का ते तिला बघायचे होते.

बोटांमधली ती फट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही. मुलाला भीती नकोच असती तर डोळ्यांवर हात ठेवून ते स्वस्थ बसले असते, आणि नुसती गंमत हवी असती तर हाताची गरजच पडली नसती. त्याला दोन्ही हवे असते, आणि कशातले किती घ्यायचे ते त्याचे त्याला ठरवायचे असते. आता फट काय, घरच्या पडद्यासमोरही करता येते. पण पडद्यावरच्या भुताला समोरचे मूल ठाऊक नसते. रंगमंचावरच्या चेटकिणीला प्रेक्षागृह ऐकू येते. "अरे मागे बघ, मागे!" असे चारशे मुले एकदम ओरडतात तेव्हा नायकाला मान वळवावीच लागते, किंवा ती मुद्दाम चुकीच्या बाजूला वळवून मुलांना आणखी ओरडायला लावावे लागते, आणि चेटकिणीला आपले कारस्थान घटकाभर बाजूला ठेवून त्या मुलांकडे डोळे वटारावे लागतात. शिवाय शेजारचा, आपल्यापेक्षा मोठा, कालच जिन्याच्या पाच पायऱ्यांवरून उडी मारून दाखवणारा मुलगाही किंचाळतो आहे, हे मुलाला ऐकू येते. घरात दिवा मालवल्यावर वाटणारी भीती एकट्याची असते. इथे ती सगळ्यांची निघते, आणि सगळे एकदम किंचाळले की त्या किंचाळण्याचे पाहता पाहता हसू होते.

पाहता पाहता म्हटले तरी त्यामागे पुष्कळ कारागिरी असते. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, आणि २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक नव्याने आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी रंगवली. दोघेही पुरुष, आणि दोघेही विनोदाची वेळ अचूक साधणारे नट. ही निवड योगायोगाने झाली असावी असे मला वाटत नाही. ती चेटकीण दुष्ट आहेच, पण त्याहून अधिक ती स्वतःच्या हुशारीवर खूश आहे. जी स्वतःवर इतकी भाळलेली आहे ती कुठेतरी फसणार, हे पाच वर्षांच्या मुलालाही आतून कळते, आणि म्हणूनच तिची नखे, नाक आणि तो घोगरा आवाज त्याला सोसतो. नट केवळ भयंकर झाला तर मुले रडतात, आणि केवळ विनोदी झाला तर दहाव्या मिनिटाला पाणी मागू लागतात. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून दोन अंक चालायचे असते, आणि तेही अशा प्रेक्षकांसमोर, जे कंटाळा आला तर सौजन्य म्हणूनही टाळी वाजवत नाहीत.

मतकरींना ही वाट माहीत होती, यात नवल नाही. हाच लेखक मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत असे, आणि त्या वाचून रात्री दिवा मालवायला कचरणारी माझ्या पिढीतली बरीच माणसे मला ठाऊक आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हीकडे त्यांची सामग्री एकच होती, फक्त मोठ्यांच्या कथेत ते भीती वाचकाच्या घरी सोडून निघून जात, आणि मुलांच्या नाटकात पडदा पडण्याआधी तिचा हिशेब चुकता करत. त्यांचे पहिले बालनाट्य 'मधुमंजिरी' १९५९ साली सुधा करमरकर यांनी रंगमंचावर आणले. सुधाताई अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या होत्या. मुलांसाठी नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनीच पाठ करून म्हटलेली संवादांची माळ, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. मुलांचे नाटक मोठ्या, कसलेल्या नटांनी करावे, त्याला मोठ्यांच्या नाटकाइतकेच नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना मिळावी, हा त्यांच्या 'लिटल थिएटर'चा आग्रह होता. पुढे १९६२ साली मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि 'निम्मा शिम्मा राक्षस'सारखी नाटके दिली. त्या राक्षसाच्या नावातच भीतीला लावलेली कात्री आहे, ती मला फार आवडते. राक्षस तर आहे, पण निम्माशिम्मा.

बालनाट्याची ही परंपरा साठ-पासष्ट वर्षांची असली, तरी मुलांना रंगमंचावरून भिववण्याचा उद्योग आपल्याकडे त्याहून बराच जुना आहे. माझे बालपण मिरजेत गेले, आणि शेजारच्या सांगलीचा अभिमान आम्हा मिरजकरांनी बाळगू नये असा संकेत असला, तरी एवढे मान्य केले पाहिजे की १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीतच केले. भाव्यांच्या वळणाच्या पौराणिक नाटकांना पुढे लोक थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हणू लागले, कारण त्यांत राक्षस आरोळ्या ठोकत आणि थयथयाट करत येत. नव्या शिकलेल्या मंडळींना तो प्रकार ओंगळ वाटू लागला आणि टीकाकारांनी राक्षसांना हळूहळू रंगमंचाबाहेर काढले. त्या टीकाकारांच्या मांडीवर तेव्हा एखादे पाच वर्षांचे मूल बसलेले असते, तर त्यांचे मत थोडे वेगळे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

कोकणात मात्र राक्षसाला कोणी हुसकावले नाही. माझी सासुरवाडी कुडाळजवळच्या एका गावची. तिथल्या जत्रेत रात्री दशावताराचा खेळ होतो, आणि आख्यान सुरू होण्याआधीच्या भागात संकासुर येतो. अंगभर काळा वेष, चेहरा झाकणारा काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी तांबडी जीभ. त्याने वेद चोरलेले असतात आणि शेवटी विष्णू त्याचा वध करतो. पण त्याआधी तो चांगला वेळ मालवणीत फिरक्या घेत लोकांना हसवतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी हा खेळ पाहिला तेव्हा संकासुराऐवजी सतरंजीवर पुढे बसलेल्या मुलांकडेच माझे लक्ष होते. तो पुढे आला की सगळी ओळ मागे सरके, तो वळला की सगळी ओळ पुन्हा आपल्या जागी येई. लाटेसारखी. एकाही मुलाला कोणी उचलून घरी नेले नाही. त्यांतली निम्मी मुले नंतर आख्यान चालू असताना तिथेच झोपली, आणि संकासुराचे काम केलेला माणूस सकाळी चहाच्या टपरीवर त्यांच्याच बापांशी शेतीच्या गोष्टी बोलत उभा होता.

माझी स्वतःची पहिली भीती नाटकातली नव्हती, ती सर्कशीतली होती. ऐंशीच्या दशकात मिरजेला सर्कस आली की त्याची वर्दी रात्री आकाशातून मिळे. तंबूवरचा दिव्याचा प्रखर झोत ढगांवर गोल फिरत असे आणि आम्ही गच्चीवर जाऊन तो मोजत असू. आजोबा अशा वेळी हटकून विष्णुपंत छत्र्यांची गोष्ट सांगत. छत्रे आमच्याच भागातले, कुरुंदवाड संस्थानाच्या पदरचे अश्वविद्येतले माणूस. मुंबईत आलेली कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून त्यांनी आपणही अशी सर्कस काढायची असा पण केला, आणि २० मार्च १८८० रोजी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ करून दाखवला. भारतीय माणसाने काढलेली ती पहिली सर्कस. त्यांच्यामागून देवल, कार्लेकर अशी आमच्याच मुलखातली नावे सर्कशीच्या धंद्यात आली. छत्र्यांचा आणखी एक पैलू आजोबांना अधिक प्रिय होता. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई रहिमत खाँ यांना याच सर्कसवाल्याने सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेले. एका मुक्कामात सिंह आणि खयाल दोन्ही, असे आजोबा म्हणत, आणि त्यांतले आपल्याला काय अधिक ऐकायला आवडले असते हे सांगायचे टाळत.

मी सिंह पाहिले. लोखंडी गजांचा गोल पिंजरा रिंगणात उभा राहिला, चाबकाचा आवाज झाला, आणि एक सिंह स्टुलावर चढता चढता थांबून आमच्या बाजूला वळून पाहू लागला, तेव्हा मी बाबांच्या शर्टाची बाही दातांत धरली होती, असे आई अजून सांगते. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे अशाच हिंस्र प्राण्यांना एका पिंजऱ्यात एकत्र आणण्याच्या कौशल्यावर अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत पोहोचले होते, आणि त्यांच्याविषयी वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. तरीही, सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ साली घातलेली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलेली बंदी योग्यच होती, असे माझे मत आहे. त्या सिंहाने आम्हाला भिववायचे कबूल केलेले नव्हते. चेटकीण झालेला नट घरून डबा घेऊन येतो, रंग लावतो, आपल्या मर्जीने मुलांना घाबरवतो आणि रंग उतरवून घरी जातो. या व्यवहारात दोन्ही बाजू राजी असतात, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक तेवढाच आहे.

त्याच सर्कशीत साधारण माझ्याच वयाची एक मुलगी होती. चमचमत्या कपड्यांत ती मागे वाकून स्वतःच्या पायांमधून आमच्याकडे पाहून हसली होती, आणि हिला शाळेत जावे लागत नाही म्हणून मला तिचा हेवा वाटला होता. सर्कशीत मुलांना कामाला ठेवू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला तेव्हा ती बातमी वाचताना मला ती मुलगी आठवली, आणि त्या हेव्याची लाज वाटली. ती तेव्हा घाबरत होती का, हा प्रश्न प्रेक्षकांत बसलेल्या आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता.

जनावरे गेली, मुले गेली, आता सर्कशीत उरले काय, असे लोक विचारतात. गेल्या हिवाळ्यात भाचीला आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी एका तंबूत जाऊन बसलो, तेव्हा उत्तर मिळाले. उरली आहे ती उंची. झोपाळ्यांच्या खेळात एकजण गुडघ्यांनी लटकून डोके खाली करून झुलत असतो, तो झेलणारा. समोरच्या फळीवरून दुसरा झेप घेतो. झेलणारा त्याचा पंजा धरत नाही, दोघे एकमेकांची मनगटे धरतात, कारण घामेजलेली बोटे निसटू शकतात. दोन्ही झोके एकाच क्षणी आपापल्या टोकाला पोहोचले तरच भेट होते. अर्धा क्षण उशीर झाला की खाली जाळी. त्या दिवशी पहिल्या झेपेला हात चुकले, तंबूभर एकच आवाज उठला, आणि उडी मारणारा पाठीवर पडून जाळीत दोनदा उसळला. माझ्या मुलाने माझ्या कानात सांगितले, "बाबा, मुद्दाम चुकलाय तो." तसे असू शकते, पहिली झेप मुद्दाम चुकवून दुसरीला लोकांचा श्वास रोखून धरायला लावणे ही या खेळातली जुनी युक्ती आहे. भाचीला हे मान्य नव्हते. दुसऱ्या झेपेच्या वेळी तिने माझा हात घेतला, पण डोळ्यांवर ठेवला नाही; दोन्ही हातांनी माझे मनगट आवळून धरले. खेळ बघून ती हे शिकली होती की आपोआप झाले, ते मी सांगू शकत नाही.

जोकरांविषयी मात्र मला फार काही म्हणायचे नाही. ते पूर्वीही मला हसवत नसत आणि आताही हसवत नाहीत. भाची मात्र पोट धरून हसली.

आता ज्या भीतीत चेटकीण नाही आणि उंचीही नाही, तिच्याविषयी. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांच्या पुढाकाराने ग्रिप्स नावाचे बालनाट्यगृह उभे राहिले. तिथल्या बोलीत ग्रिप्स म्हणजे चटकन समजणारी बुद्धी. त्या नाटकांत राजा, परी, राक्षस यांना मज्जाव असतो. त्यांत आजच्या शहरातले घर असते, भांडणारे किंवा कामात बुडालेले आई-बाप असतात, आणि त्यांच्यामध्ये सापडलेली मुले असतात. डॉ. मोहन आगाशे यांनी ही चळवळ पुण्यात आणली, आणि १९८६ साली थिएटर अकादमीने 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे नाटक रंगमंचावर आणले. पुढे श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे आणि इतर मंडळींनी हे काम मराठी घरांच्या मापात नीट बसवले. या नाटकांत मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात, आणि तरीही बोबडे बोलत नाहीत किंवा उगाच उड्या मारत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांचा नट आठ वर्षांच्या मुलाचा राग खऱ्या रागासारखा दाखवतो, आणि मग प्रेक्षकांतल्या आठ वर्षांच्या मुलाला कळते की आपल्या रागाला कोणीतरी पूर्ण उंची दिली आहे.

माझ्या मुलाला मी असे एक नाटक दाखवले. रंगमंचावरच्या घरात आई-बाबांचा आवाज चढत गेला तेव्हा प्रेक्षागृहात जी शांतता पसरली, तशी शांतता मी कोणत्याही चेटकिणीच्या वेळी अनुभवलेली नाही. कोणी "मागे बघ" म्हणून ओरडले नाही, कारण ओरडून सांगण्यासारखे काही नव्हते. माझा मुलगा मांडीवर आला नाही. तो आता मांडीवर येण्याच्या वयाचा राहिलेला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्या मांडीचा त्याला किती भरवसा वाटला असता हेही मला ठाऊक नाही, कारण आमच्याही घरात आवाज चढतात. परतताना स्कूटरवर मागे बसून त्याने विचारले, "त्या मुलाने कानांवर उशी घेतली, ते त्या लेखकाला कसं माहीत?" मी गाडी चालवण्यात गुंतलो आहे असे दाखवले. चेटकिणीची भीती मूल घरी आणते आणि तीन रात्रींत तिचा निकाल लावते. ही भीती ते घरूनच घेऊन आलेले असते. म्हणून आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना मी या नाटकांना नेत नाही, आणि त्यावरच्या मुलांना आवर्जून नेतो. नाटकानंतर आठवडाभर घरात आम्ही दोघे जरा हळू बोलतो, ही त्यातली वेगळीच प्राप्ती.

नृत्यनाट्यांत ही भीती फारशी येत नाही, त्यांची जादू निराळी असते. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाळा या मुलांच्या विभागाने केलेल्या 'दुर्गा झाली गौरी'विषयी थोरल्या मावसबहिणीकडून मी इतके ऐकले आहे की ते मी पाहिलेलेच आहे असे कधी कधी वाटते. तिथे रंगमंचावर मुलेच असतात आणि पुष्कळ असतात, आणि खाली बसलेल्या मुलाच्या मनात "मला हे करता येईल का" एवढाच विचार घोळत राहतो. तोही चांगलाच विचार आहे, पण त्याला मांडी लागत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र तक्रार नोंदवलीच पाहिजे. मागच्या वर्षी एका नाटकाला, नाव सांगत नाही, राक्षसाच्या प्रवेशाला ध्वनिमुद्रित गडगडाट इतका मोठा लावला होता की आमच्या रांगेतल्या चार मुलांनी कानांवर हात ठेवले आणि ते नाटक संपेपर्यंत काढले नाहीत. मागच्या पडद्यावर आगीचे चित्र हलत होते, तोंडावर दिवे उघडझाप करत होते, आणि या सगळ्यात राक्षस झालेला बिचारा नट काय बोलत होता ते कोणालाच कळले नाही. दचकवणे आणि घाबरवणे यांत फरक आहे. दचकवायला फक्त वीज लागते. घाबरवायला माणूस लागतो, जो बोलता बोलता मध्येच थांबतो, मुलांना आपला पुढचा बेत ओळखायला क्षणभर देतो, आणि मग त्यांनी ओळखले होते तेच करतो. कानांवर ठेवलेल्या हातांत फट करता येत नाही. त्या दिवशी मुलांनी नाटक पाहिले नाही, ते संपण्याची वाट पाहिली.

पालकांकडूनही याच्या उलट टोकाचा घोटाळा होतो. चेटकीण आली की काही आया लगेच मुलाच्या कानात "अगं, तो काका आहे, रंग लावलाय त्याने" असे सांगतात, काही बाबा मोबाइलचा उजेड पाडून मुलाचे तोंड बघतात. मुलाला तो काका आहे हे माहीत असते. माझ्या भाचीला पहिल्या दिवशीही माहीत होते. तिने मला मध्यंतरात विचारले होते की त्या काकांना नखांनी वडा कसा खाता येत असेल. माहीत असूनही घाबरायचे, हे तिने स्वतः पत्करलेले काम होते, आणि ते चालू असताना मध्ये बोलणे म्हणजे शिवाजीचे काम करणाऱ्या नटाला खालून त्याच्या खऱ्या नावाने हाक मारण्यासारखे आहे. मूल खरोखर हुंदके देऊ लागले तर त्याला उचलून बाहेर न्यावे, पाणी पाजावे आणि दाराच्या फटीतून पुन्हा आत बघायचे आहे का ते विचारावे. माझ्या अनुभवात बहुतेक मुले फटीतून बघतात, आणि नाटक संपण्याआधी आत येतात.

या मे महिन्यातल्या नाटकाची तिकिटे काढायला परवा बसलो, तेव्हा भाची शेजारी येऊन उभी राहिली. ती आता साडेसातची आहे. आधीच्या दोन्ही वर्षी मी तिच्यासाठी अकरावी रांग घेतली होती, कारण तिथून चेटकीण बेताच्या आकाराची दिसते. खुर्च्यांचा नकाशा उघडल्यावर तिने बराच वेळ बोटाने रांगा मोजल्या, रंगमंच कुठे आहे ते विचारले, चेटकीण कोणत्या बाजूने येते तेही विचारले, आणि तिसऱ्या रांगेवर बोट ठेवले. मी म्हटले, "नक्की? फार पुढे आहे हं." तिने थोडा विचार केला, बोट त्याच रांगेवरून सरकवत सरकवत दाराच्या बाजूच्या अगदी कडेच्या खुर्चीवर नेले, आणि म्हणाली, "इथे. आणि तू माझ्या शेजारी."